पणजोबांच्या तलवारीवरचा आयएसडी

पानिपतावर जेवढ्या तलवारी गेल्या त्याहून जास्त परत आल्या असाव्यात, असं माझं मत होत चाललं आहे. १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी फौज राहिली नाही, तोफा गेल्या, हत्ती गेले, खजिना गेला. तलवारी मात्र एकूण एक सुखरूप निघाल्या, नर्मदा ओलांडून आल्या आणि पुणे, सातारा, कोल्हापूरच्या माळ्यांवर घडवंच्यांच्या आणि घंगाळांच्या मागे जाऊन पडल्या. आज ज्या घरात तलवार आहे त्या घरातला पूर्वज पानिपतावर होताच. तो तिथेच पडला असेल तर तलवार घेऊन कोण आलं, हा प्रश्न विचारायचा नसतो. निदान पोहे यायच्या आधी तरी नाही.

जुनी हत्यारं ओळखण्याचा मला नाद आहे आणि दुर्दैवानं हे लोकांना कळलेलं आहे. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत कुणीतरी कोपराला धरून बाजूला घेतं आणि आवाज खाली आणून म्हणतं, "आमच्याकडे एक वस्तू आहे. एकदा नजरेखालून घाला." हत्याराला हत्यार कुणी म्हणत नाही, वस्तूच म्हणतात. पोलिसांची थोडी भीती असते, भावाची बरीच जास्त. वाटणीत ती वस्तू खरं तर धाकट्या घराकडे जायची होती, हे निम्म्या ठिकाणी चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर बाहेर येतं.

बोलावतात ओळख पटवायला, पण ओळख त्यांनी आधीच पटवलेली असते. आपला आजार स्वतःच ठरवून आलेला पेशंट डॉक्टरकडून फक्त चिठ्ठी मागतो, तसं हे. "बघा तुम्ही, पण आहे ती शिवकालीन," असं सांगून वस्तू हातात दिली जाते. मग आपण बघत राहायचं आणि घरातल्या सगळ्यांनी आपल्या चेहऱ्याकडे बघत राहायचं.

पहिला मुद्दा वजनाचा. "धरून बघा. पंचवीस किलोची आहे." ही पंचवीस किलोची तलवार त्यांची सहावीतली नात एका हातानं माझ्यापुढे आणून ठेवते. अमेरिकेला जाणं-येणं असलेल्या घरात बॅगा तोलायचा काटा असतोच. त्याला तलवार अडकवली की आकडा येतो अकराशे ग्रॅम. घरात शांतता पसरते. मग यजमान काट्याकडे संशयानं बघत म्हणतात, "याची बॅटरी गेलीय." खरं म्हणजे हिंदुस्थानातली नेहमीची तलवार साधारण किलोभराचीच असते, आणि तशीच असायला हवी. घोड्यावर बसून दिवसभर चालवायची वस्तू आहे ती. पंचवीस किलोवाला पहिल्याच वाराला स्वतःभोवती फिरून खाली बसेल.

दुसरा मुद्दा मुठीचा. पूर्वज सात फूट उंच होते हे भिंतीवरच्या तसबिरीखाली मला सांगितलेलं असतं. आणि त्या सात फुटी पूर्वजाच्या तलवारीच्या मुठीत यजमानांची तीन बोटं कशीबशी मावतात. हा विरोध घरात पिढ्यान् पिढ्या सुखानं नांदलेला असतो, कुणालाही त्याचा त्रास झालेला नसतो. मूठ लहान असते ती मुद्दाम. वरची तबकडी मनगटाला टेकते, खाली परज, आणि मधे हात घट्ट बसतो. म्हणजे तलवार हातात खेळत नाही, ओढून कापताना हिसका पात्यापर्यंत पोचतो. पुष्कळ लोक तर्जनी परजेवरून पुढे टाकत. हे समजावून सांगितलं की यजमान मान डोलावतात आणि नातीला म्हणतात, "बघ, सात फूट उंच होते, पण हात नाजूक होते."

पात्यावरची उभी पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते, हे तर सर्वांनाच माहीत असतं. ती पातं हलकं करून ताठ ठेवण्यासाठी असते, असं मी सांगतो तेव्हा मुलं निराश होतात. आणि धारेजवळचे काळे डाग विषाचे. "हात लावू नका, अजून आहे त्यात दम," असं एका आजींनी मला बजावलं होतं आणि त्याच आजी दर खंडेनवमीला ते डाग चिंचेनं घासत होत्या, हेही त्यांनीच पुढे सांगितलं.

घासण्याबद्दल जरा बोलायला हवं, कारण या विषयात माझं रक्त आटतं. हत्यार स्वतःबद्दल जे सांगतं ते पात्याच्या मुळाशी, पाठीवर, मुठीच्या सांध्यात बारीक अक्षरांत आणि ठशांत सांगतं. तिथेच शेंदूर, तेल, हळदकुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या यांचा शेकडो नवमींचा थर बसलेला असतो. तो चालतो. तो थर म्हणजे त्या ठशांवरची रजई आहे असं मी समजतो. तेल आणि मऊ फडकं घेऊन बसलं तर दोन तासांत खाली काय आहे ते दिसतं. पण गणपतीच्या सजावटीसाठी तलवार हवी म्हणून धाकटे चिरंजीव ती कोपऱ्यावरच्या वर्कशॉपमध्ये नेतात, बफिंग मारून आणतात आणि "काका, आता तोंड दिसतं बघा" म्हणून माझ्यासमोर धरतात. तोंड दिसतं, फक्त तलवार दिसत नाही. जौहरदार पोलादाच्या पात्यावर पाण्यासारखी वळणावळणाची नक्षी असते. ती वरून काढलेली नसते, धातूच्या घडणीतूनच उमटलेली असते. घासून ती बुजते ती बुजतेच, निदान जाणकार हातात पडेपर्यंत. चिरंजीवांनी वर बिल दाखवलं होतं, साडेतीनशे रुपये.

तर आता अप्पांची तलवार. अप्पा साताऱ्याकडचे, वाडा जुना, तलवार दिवाणखान्यात दर्शनी भिंतीवर. खाली लाकडी पाटीवर नाव, गाव आणि 'पानिपत' असं रंगवलेलं. तलवार उतरवून हातात घेतली तर मूठ आपल्या वळणाची नाही. पोलादाच्या तीन पट्ट्या बोटांवरून वळून आलेल्या, पातं किंचित बाकदार, रुंद. पात्याच्या मुळाशी तेल लावून फडकं फिरवलं तेव्हा अक्षरं उगवली. एका ठिकाणी 'मोल, बर्मिंगहॅम' आणि दुसऱ्या ठिकाणी इंग्रजीत आय.एस.डी., मधे वर तोंड केलेला बाण.

"आयएसडी?" अप्पांचा पुतण्या म्हणाला. "म्हणजे तो पिवळ्या पाटीवाल्या बूथमधला?"

अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. बाणाबद्दल मात्र त्यांचा निर्णय तयार होता: "तो अर्जुनाचा."

बाण अर्जुनाचा नाही, इंग्लंडच्या सरकारचा. सरकारी मालावर हा बाण ठोकायची तिथली जुनी पद्धत. तोफेपासून घोंगडीपर्यंत सगळ्यावर तो असायचा. तोच बाण दुसऱ्या बाणाच्या टोकाला टोक लावून असेल तर समजावं, माल सरकारनं विकून टाकला. आणि आयएसडी म्हणजे इंडिया स्टोअर्स डिपार्टमेंट, हिंदुस्थानातल्या फौजेसाठी विलायतेत सामान खरेदी करणारं खातं. रॉबर्ट मोल अँड सन्स ही कंपनी बर्मिंगहॅमची, तिनं हिंदुस्थानी रिसाल्यांसाठी ढिगानं तलवारी बनवल्या. म्हणजे अप्पांची तलवार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, सरकारी टेंडरातली. पानिपताला तेव्हा शंभर वर्षं होऊन गेली होती.

हे मी जितक्या हळुवारपणे सांगता येईल तितकं सांगितलं. अप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे पणजोबांनी ती इंग्रजाच्या हातातून हिसकावून घेतली." पुतण्यानं मान डोलावली. पाच मिनिटांपूर्वी घरात पानिपताहून परत आलेली तलवार होती, आता जिंकून आणलेली होती. माझ्या ज्ञानानं त्या घराची एकंदर प्रतिष्ठा वाढलीच. पणजोबा त्या रिसाल्यात पगारावर असतील आणि तलवार त्यांना सही घेऊन मिळाली असेल, ही शक्यता मी बोललो नाही. पोहे अजून यायचे होते.

असाच एक षटकोण आहे. विलायती अधिकाऱ्याच्या तलवारीच्या पात्यावर, मुठीच्या अगदी जवळ, एकमेकांत गुंतलेले दोन त्रिकोण आणि मधोमध पितळेचा ठिपका. ज्या ज्या मराठी घरात मी हा पाहिला तिथे तो देवीचं यंत्र होता. एका ठिकाणी त्यावर नियमानं कुंकू लागत होतं आणि मला पादत्राणं दाराबाहेर काढून आत यायला सांगितलं होतं. तो पात्याची चाचणी झाल्याचा शिक्का. लंडनची विल्किन्सन कंपनी पातं वाकवून, आपटून बघायची, टिकलं तर हा शिक्का. १७७२ साली एका बंदूकवाल्यानं काढलेलं हे दुकान, पुढे तलवारींचा खप ओसरल्यावर दाढीच्या ब्लेडांकडे वळलं. पात्याच्या पाठीवर क्रमांक असतो आणि कंपनीच्या वह्यांत त्या क्रमांकापुढे कोणत्या साहेबानं ती कधी घेतली याची नोंद सापडते. इतकी चोख नोंद आपल्याकडे फक्त सोनाराची असते, आणि तीही घरच्यांना दाखवायची नसते.

अप्पांना बरं वाटावं म्हणून मी त्यांना मग फिरंगांची हकीकत सांगितली, आणि ती खरी असल्यानं मला सांगायला संकोच वाटत नाही. सतराव्या-अठराव्या शतकातल्या खाशा मराठा तलवारींपैकी अनेकांची पाती विलायती आहेत. जर्मनीतलं झोलिंगेन, इटलीतली शहरं, स्पेनचं टोलेडो इथली सरळ लांब पाती गोव्याच्या आणि इतर बंदरांतून उतरत. इथला कारागीर त्यावर आपली मूठ बसवी, वरच्या टोकाला एक सुळका काढी म्हणजे हवं तेव्हा दुसरा हातही लावता येई, आणि लोक ती मोठ्या अभिमानानं मिरवत. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना सोडवून आणलेली नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार याच जातीची: पातं युरोपचं, त्यावर सोन्यानं देवनागरीत मालकाचं नाव. म्हणजे 'इम्पोर्टेड'ची हौस आपल्याला उदारीकरणानंतर लागली असं जे म्हणतात ते तितकंसं खरं नाही.

आणि जिथे इम्पोर्टेड तिथे डुप्लिकेट. जिनोव्हाच्या पात्यांवर दातेरी कोयत्यासारख्या दोन अर्धगोलांचा ठसा असे. तो गिऱ्हाइकाला आवडतो हे दिसल्यावर पूर्वेकडचे लोहार तो आपल्याच पात्यांवर ठोकू लागले. कुणी नावही कोरायचे, पण लॅटिन अक्षर यायचं नाही, म्हणून ती अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेलून पडलेली दिसतात. झोलिंगेन आणि पासाऊच्या पात्यांवर पळता लांडगा असतो. चार-सहा रेघांत उरकलेला तो लांडगा इतका गरीब दिसतो की कुणाला त्यात घोडा दिसतो, कुणाला हरीण, आणि घरात कुलस्वामिनी भवानी असेल तर वाघ. लांडगाही झोलिंगेनवाल्यांनी पासाऊवाल्यांचा बघून उचलला. म्हणजे फसवाफसवी वरपासून सुरू होती, उगाच एकट्या जुन्या बाजाराला नाव ठेवू नये.

त्यात आपल्या तलवारीची आणखी एक गंमत अशी की पातं मुठीत बसवतात ते लाख भरून. गरम केली की लाख सुटते, मूठ निघते, दुसरी बसते. त्यामुळे मूठ एका शतकातली, पातं दुसऱ्या, आणि म्यान तिसऱ्याच्याच घरून आलेलं, असा संसार पुष्कळ दिसतो. "तलवार कोणत्या काळातली?" या प्रश्नाला मग "कुठला भाग?" असं विचारावं लागतं आणि लोकांना वाटतं, याला काही येत नाही.

तलवारीला निदान मान तरी आहे. संगिनीच्या वाट्याला जे येतं ते बघवत नाही.

संगीन घरी आली की तिला काय म्हणायचं ते कुणालाच कळत नाही. म्यानात असते म्हणून तलवार, आखूड असते म्हणून खंजीर, आणि परजेला एका बाजूला गोल कडी असते म्हणून प्रश्न. ही कडी कशाला? तर्क ऐकण्यासारखे असतात. बोट अडकवायला. घोड्याच्या खोगिराला टांगायला. एका ठिकाणी तिच्यात बांगडी अडकवून शत्रूच्या बायकांना अभय देत असत, असा सविस्तर इतिहास मला ऐकवला गेला. मुठीच्या वरच्या टोकाला खाच असते आणि बाजूला दाबायचं बटण. ते दाबलं की आत काहीतरी सरकतं, आणि घरातला प्रत्येक पुरुष ते पाळीपाळीनं दाबून बघतो. ती खाच आणि कडी बंदुकीसाठी. कडीतून नळीचं तोंड जातं, खाच बंदुकीवरच्या खुंटीत बसते, बटण कुलूप लावतं. हे कळल्यावर चेहरे उतरतात. कारण बंदूक घरात नाही; ती असती तर धाकट्या घराकडे गेली नसती का?

आपल्याकडे सर्वांत जास्त सापडते ती १९०७ च्या नमुन्याची इंग्रजी संगीन. पातं सतरा इंच, मूठ लाकडी. हा नमुना इंग्रजांनी जपान्यांच्या संगिनीवरून घेतला. पात्याच्या मुळाशी एका बाजूला मुकुट, त्याखाली जी.आर. म्हणजे राजे पंचम जॉर्ज, त्याखाली ठसठशीत १९०७, त्याखाली बारीक आकडे. घरातल्या सगळ्यांचं '१९०७ सालची' यावर एकमत असतं. हे एकमत बहुधा त्या घराच्या इतिहासातलं एकमेव. पण १९०७ हे नमुन्याचं साल. खरी जन्मतारीख खाली बारीक अक्षरांत, महिना आणि साल, उदाहरणार्थ ५ आणि १७, म्हणजे मे १९१७. दुसऱ्या बाजूला तोच अर्जुनाचा बाण, तपासनिसांचे शिक्के, आणि एक फुली. ती फुली शत्रू मारल्याची खूण म्हणून दाखवली जाते, आणि आजोबांनी एकच मारला याबद्दल सूक्ष्म खंतही व्यक्त होते. ती पातं वाकवून पाहिल्याची खूण आहे.

सुरुवातीच्या अशा संगिनींना परजेच्या खालच्या बाजूला आकडा असे, पुढच्या दिशेनं वळलेला. १९१३ मध्ये तो रद्द झाला आणि आधीच्या बहुतेकांचाही कापला गेला. त्यामुळे आकडा शाबूत असलेली संगीन मिळाली की संग्राहकांचे डोळे चमकतात आणि किंमत कित्येक पटींनी वाढते. एका घरात मला परजेवर नुकतीच कानस मारल्याची चकाकी दिसली. "इथे काही होतं का?" "हो ना, आकडा होता. हिच्या साडीला अडकायचा." मी फक्त पाणी मागितलं.

कलकत्त्याजवळच्या इशापूरच्या रायफल कारखान्यात झालेल्या संगिनींवर आर.एफ.आय. असतं. दुसऱ्या महायुद्धात तिथे पातं बारा इंचांवर आणलं, पन्हळही काढून टाकली. लोकांना ही तोकडी वाटते. 'लेडीज' आहे का, असं एका वकीलसाहेबांनी विचारलं होतं. त्याआधीच्या काळातली जी नुसती पोलादी नळी आणि तिला बाहेरून जोडलेलं तीनधारी टोक, मूठच नाही, ती तर कुणाच्या हिशेबातही नसते. कोकणात एका घरी ती जमिनीत उलटी रोवून तिच्यावर नारळ सोलत होते. काम झकास करत होती. मी काही बोललो नाही. लढाईत तिनं जेवढं काम केलं असेल त्याच्या कितीतरी पट तिनं त्या अंगणात केलं असणार, आणि सोलकढी उत्तम होती.

खरं सांगायचं तर या सगळ्यात मला जास्त पटतात त्या संगिनीच. पहिल्या महायुद्धात साताऱ्याकडच्या गावांतून माणसं उठून मेसोपोटेमियात गेली. आपशिंग्यानं तर नावातच 'मिलिटरी' लावून घेतलं. कूतच्या वेढ्यात अडकली ती सहावी डिव्हिजन पुण्याची, तिच्यात मराठा पलटणी होत्या. पुढे बगदाद पडलं तेव्हाही होत्या. असा कुणी खापरपणजोबा खरोखर होता, त्याचा क्रमांक पेन्शनच्या कागदावर आहे, कागद ट्रंकेत आहे, आणि मे १९१७ ची संगीन त्याच ट्रंकेत कागदाखाली आहे. पण ती दिवाणखान्यात लागत नाही. तिथे लागते आयएसडीची तलवार, पाटीसकट. पानिपतावर कुणी होतं याला कागद लागत नाही ही त्याची मोठीच सोय आहे.

नकली मालाबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. क्रोमची चकाकी, म्यानाला मखमल, आणि मुठीत चौफुली खाचेचा स्क्रू. हा स्क्रू १९३० च्या दशकातला अमेरिकन शोध आहे, अफझलखानाच्या भेटीच्या वेळी तो उपलब्ध नव्हता. काही 'शिवकालीन' तलवारी पेठेतल्या हौशी नाट्यमंडळाच्या निघतात. त्यांना धार कधीच नसते आणि आतल्या बाजूला ड्रेपरीवाल्याचा क्रमांक असतो. शंका असेल त्यानं एक रविवार बाजीराव रस्त्याजवळच्या राजा केळकर संग्रहालयात घालवावा आणि तिथल्या मुठी, पाती नीट बघाव्यात. अडकित्त्यांकडे जाऊ नये. तिथे अडकलं की तलवारीपर्यंत पोचायच्या आत संग्रहालय बंद होतं.

जुनेपणा सिद्ध करण्याचा हा सगळा उत्साह एकाच ठिकाणी विरतो. न्यू जर्सीहून आलेला जावई म्हणतो, "हे मी घेऊन जातो, तिकडे बेसमेंटमध्ये छान दिसेल." मग मला सांगावं लागतं की १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे आणि शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू अशी देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय शस्त्रांच्या नियमांत तलवारीचं आणि संगिनीचं नाव वेगळं घेतलेलं आहे, तेव्हा घरात ठेवायलाही जवळच्या ठाण्यात एकदा चौकशी करून ठेवा. खोलीत क्षणभर कुणी बोलत नाही. मग जी तलवार दोन तास तोफेच्या तोंडी जाऊनही शिवकालीन राहिली होती तिच्याबद्दल सासरे म्हणतात, "तशी जुनी बिनी नाहीये ती. मागच्या रविवारीच आणली जुन्या बाजारातून." इतक्या झपाट्यानं तरुण होणारी दुसरी वस्तू मी पाहिली नाही.

फ्रेंच संगिनीचं प्रकरण मात्र अजून निकाली लागलेलं नाही. पुण्यातलंच घर, पेठेतलं, मूळचे नाना फडणविसांच्या दफ्तराशी संबंध असलेले. वस्तू देखणी: मूठ पितळेची, आडव्या खाचांची, बोटांना छान बसणारी, पातं नागमोडी, आधी खाली आणि मग वर वळलेलं. घरात ती 'टिपूची' म्हणून प्रसिद्ध. परजेला कडी होतीच. पात्याच्या पाठीवर, जाड कडेवर, एका ओळीत झोकदार लपेटीचं बारीक लिखाण. यजमान म्हणाले, "मोडी आहे. आमच्या ओळखीच्यांनी वाचलंसुद्धा." त्यांनी काढलेल्या लिप्यंतराचा कागदही दाखवला. त्यात 'श्रीमंत', 'मोहीम' आणि 'शके' एवढं लागलं होतं, बाकी जागी टिंबं होती.

भिंग लावून पाहिलं तर ते फ्रेंच. सँ एतिएनचा शाही कारखाना, मे १८६८. तिसऱ्या नेपोलियनच्या पायदळाची शास्पो नावाची बंदूक होती, तिची ही संगीन. दोन वर्षांनी, १८७० मध्ये, बादशाही बुडाली, म्हणून त्यानंतरच्या संगिनींच्या पाठीवर 'शाही' हा शब्द नसतो. त्या युद्धात जर्मनांनी अशा ढिगानं पकडल्या, मग उरलेला माल जगभर विकला गेला, आणि तो कुठे कुठे भिंतींवर टिपूचा, तुर्कांचा, समुद्री चाच्यांचा म्हणून लटकला.

यजमान शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "फ्रेंच आहे ना? मग बरोबर आहे. फ्रेंचांचा वकील नानांकडे आला होता."

"आला होता," मी म्हणालो. "सँ ल्युबँ. १७७७ साली."

"झालं तर. त्यानंच नजर केली असणार."

"पण हिच्यावर १८६८ आहे. नाना १८०० साली गेले."

त्यांनी संगीन माझ्या हातातून घेतली, फडक्यात गुंडाळली आणि कपाटात ठेवून किल्ली फिरवली.

"मग वकिलाचा नातू आला असेल," ते म्हणाले. "पोहे घ्या ना अजून."